जुन्या ग्राहकांना एकाच दिवशी हाक मारू नका

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या उद्योगविषयक पानावर गेल्या आठवड्यात लहान उद्योजकांना दिवाळीच्या विक्रीबाबत सल्ला देणारा लेख आला आहे. ज्यांची खरेदी थांबली आहे अशा सर्व जुन्या ग्राहकांना सणाच्या तोंडावर सवलतीचा ईमेल एकगठ्ठा पाठवावा, असे त्यात सुचवले आहे. लेखाचा हेतू चांगला आहे आणि जुन्या ग्राहकाला विसरू नये, हे त्यातले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु सुचवलेली पद्धत मी स्वतः वापरून पाहिली आहे आणि तिच्यामुळे झालेले नुकसान भरून यायला मला अख्खा हिवाळा लागला. पापड, मसाले, केळीचे वेफर्स, मिरची, डाळी असा माल घरून विकणाऱ्या खान्देशातील अनेक भगिनी आपले दैनिक वाचतात. लेख वाचून त्यांनी तीच वाट धरू नये, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

अमळनेर तालुक्यात माझा वाळवणाचा उद्योग आहे. ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया, शेवया आणि काळा मसाला असा आमचा माल. चैत्र-वैशाखात गावातल्या बारा-पंधरा जणी मिळून तो करतो. बिबड्यांची ज्वारी कांडायची, भिजवून आंबवायची, दळायची, तिचा घाट शिजवायचा आणि ओल्या फडक्यावर थापून कडक उन्हात वाळवायचे, यात आठवडा सहज जातो. वाळलेला बिबडा इतका पातळ असतो की जरा दाब पडला तरी तडकतो. आमचे बहुतेक ग्राहक म्हणजे नोकरीधंद्यासाठी पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाणे आणि सुरत येथे स्थायिक झालेली आपलीच खान्देशी कुटुंबे. मागणी नोंदवताना ते ईमेलचा पत्ता देतात, पावती आणि पार्सलचा क्रमांक त्याच पत्त्यावर जातो. सहा वर्षांत असे सुमारे चार हजार पत्ते आमच्याकडे जमले होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी एकदा-दोनदा माल घेऊन पुढे मागवणे थांबवले होते.

दोन वर्षांपूर्वी एका जाहिरात संस्थेने मला हेच सांगितले, जे आपल्या लेखात आले आहे. धनत्रयोदशीच्या सकाळी चारही हजार पत्त्यांवर वीस टक्के सवलतीचा मेल गेला. एरवी आमच्या पत्त्यावरून दिवसाला दहा-पंधरा पावत्या जात असत. त्या दिवशी दुपारपर्यंत ‘हा पत्ता अस्तित्वात नाही’ अशी शेकडो उत्तरे माझ्या पेटीत येऊन पडली आणि त्या मेलमुळे आलेल्या मागण्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. एवढ्यावर भागले असते तर मी ते विसरूनही गेले असते. पण भाऊबीजेनंतर नेहमीच्या ग्राहकांचे फोन सुरू झाले. “ताई, पैसे तर गेले, पण पावती आली नाही, पार्सल निघालं की नाही ते कळेना.” आम्ही पाठवलेल्या पावत्या त्यांच्या स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडत होत्या. सुरतच्या एका मावशींनी मुलीच्या लग्नातल्या रुखवतासाठी पापड-कुरडयांची मोठी मागणी नोंदवली होती. त्यांना तर आपण फसवले गेलो, असेच वाटले. त्यांची समजूत घालताना मला फार वाईट वाटले, कारण सहा वर्षांत आमच्यावर कोणी असा संशय घेतला नव्हता.

असे का झाले हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. जीमेल, याहू यांसारख्या सेवा प्रत्येक मेल पाठवणाऱ्याची एक पत ठेवतात. बाजारात जशी व्यापाऱ्याची पत वर्षानुवर्षांच्या चोख व्यवहारावर ठरते, तशीच ही पत मागच्या वागणुकीवर ठरते. तुमचे मेल लोक वाचतात का, त्यांना उत्तर देतात का, की न वाचताच पुसून टाकतात, किती जण ‘हे स्पॅम आहे’ असे बटण दाबतात, तुम्ही किती मेलेल्या पत्त्यांवर लिहिता, हे सर्व पाहिले जाते. रोज पंधरा मेल पाठवणारी व्यक्ती एका सकाळी चार हजार पाठवू लागली, तर तिचे खाते कोणा भामट्याच्या हाती गेले असावे, असा संशय त्या यंत्रणेला येणे स्वाभाविक आहे.

फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी याबाबतचे नियम अधिक कडक केले आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही ओळखी लावणे बंधनकारक आहे आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीने यादीतून बाहेर पडण्याची सोय देणेही आवश्यक आहे. नावे अवघड वाटली तरी काम सोपे आहे. आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे पहिली ओळख सांगते, दुसरी प्रत्येक मेलवर अशी सही करते की वाटेत फेरफार झाला तर ती जुळत नाही आणि या दोन्हींपैकी एकही जुळली नाही तर मेलचे काय करायचे, ते तिसरी सांगते. आमचा आकडा 5,000 च्या आत होता म्हणून त्या संस्थेने मला निर्धास्त राहायला सांगितले. तिथेच गफलत झाली, कारण स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवण्याची अपेक्षा लहान-मोठ्या सर्वांकडूनच आहे. हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या की ही मर्यादा गाठली जाते. जिने चार वर्षांपूर्वी एकदा पापड मागवले, तिला आमचे नावही आठवत नसणार. तिने ते बटण दाबले तर तिला दोष कसा द्यायचा?

मेलेल्या पत्त्यांचा धोका तर मला मुळीच ठाऊक नव्हता. दोन वर्षे न वापरलेली खाती गूगल डिसेंबर 2023 पासून काढून टाकू लागले आहे. नोकरी बदलली की कंपनीचा पत्ताही जातो. असे बंद पडलेले काही जुने पत्ते स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या संस्था मुद्दाम सापळा म्हणून पुन्हा चालू करतात. त्या पत्त्यावर मेल आला, की पाठवणारा आपली यादी कधी साफ करत नाही, हे त्यांना कळते. आपल्याला मात्र काहीच कळत नाही, कारण असा मेल परत येत नाही.

याच काळात मला माझ्या सासऱ्यांची आठवण झाली. त्यांचे गावात किराणा दुकान होते. कामाचा जोर ओसरला की ते खात्याची वही उघडून बसत आणि कोण किती दिवसांत फिरकले नाही ते पाहत. मग आठवडे बाजाराच्या दिवशी त्यांतल्या दोघा-तिघांना गाठत. उधारीचा विषय आधी काढत नसत. “काय भाऊ, बठ्ठं बरं शे ना?” (सगळं बरं आहे ना?) असे विचारत आणि समोरचा बोलू लागला की ऐकत. कोणाला मोजमापाबद्दल शंका असे, कोणाच्या घरी आजारपण असे, कोणी दुसऱ्या गावी राहायला गेलेला असे. सगळ्यांच्या दारात एकाच दिवशी जाऊन “माल स्वस्त दिलाय, चला” असे ते कधी म्हणाले नाहीत. ईमेलनेही हेच करता येते, एवढेच मला सुचले आणि मी तसे करून पाहिले.

प्रथम दोन महिने कोणालाही जाहिरातीचा मेल पाठवला नाही. फक्त पावत्या गेल्या आणि प्रत्येक नव्या ग्राहकाला फोन करून “आमचा मेल स्पॅममध्ये असेल तर ‘स्पॅम नाही’ असे दाबा” अशी विनंती केली. त्या काळात वर सांगितलेल्या तिन्ही ओळखी लावून घेतल्या आणि यादी स्वच्छ केली. धनत्रयोदशीला परत आलेले सर्व पत्ते काढून टाकले. उरलेल्यांचे शेवटच्या खरेदीच्या तारखेवरून तीन गट केले. मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घेतले पण यंदा नाही, हा पहिला गट. दोन वर्षांपासून न घेतलेल्यांचा दुसरा आणि त्याहून जुन्यांचा तिसरा.

सुरुवात पहिल्या गटापासून केली, कारण आम्ही त्यांच्या आठवणीत अजून ताजे होतो. पहिल्या दिवशी फक्त तीस जणांना लिहिले. दोन दिवस वाट पाहिली. मेल परत आले नाहीत, उत्तरे आली, तेव्हा पन्नास जणांना लिहिले आणि असे वाढवत वाढवत सहा आठवड्यांनी दिवसाला दोनशेपर्यंत गेले. ज्या दिवशी शंभरात दोनांहून अधिक मेल परत आले, त्या दिवशी तिथेच थांबून यादी पुन्हा तपासली. मेल उघडला गेला की नाही, या आकड्यावर मी विसंबले नाही, कारण अॅपलने 2021 मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे आयफोनवरील मेल वाचणाऱ्याने न उघडताही उघडल्यासारखा दिसू शकतो. उत्तर आले का, दुव्यावर टिचकी पडली का, मागणी आली का, एवढेच पाहिले.

पहिल्या पत्रात सवलत नव्हती, चित्र नव्हते, रंगीत पाटी नव्हती. मजकूर असा होता: “नमस्कार. मागच्या वर्षी आखाजीच्या सुमारास तुम्ही आमच्याकडून ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड मागवले होते. त्यानंतर तुमची मागणी आली नाही. मालात किंवा तो पोचवण्यात आमची काही चूक झाली असेल, तर दोन ओळी लिहून कळवाल का? यापुढे आमचे पत्र नको असेल तर खालच्या दुव्यावर टिचकी द्या, पुन्हा लिहिणार नाही.” खाली माझे नाव आणि गाव. ज्या पत्त्यावरून पावत्या जात, त्याच पत्त्यावरून हे पत्र गेले, कारण अनोळखी पत्त्यावरचे पत्र उघडायला कोणीही बिचकते.

आलेली उत्तरे मी एका वहीत उतरवून ठेवली आहेत. आमचे ग्राहक महाग वाटल्यामुळे गेले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिल्या पन्नास उत्तरांत किमतीचा उल्लेख फारच थोड्यांनी केला. सर्वाधिक तक्रार बिबड्यांचा चुरा होऊन येतो, ही होती. चिंचवडच्या एका ताईंनी लिहिले होते की, पार्सल उघडल्यावर अर्धा डबा चुराच निघाला, आईच्या हातच्या बिबड्यांची आठवण म्हणून मागवले होते, पण चुरा पाहून मन खट्टू झाले आणि एवढ्या लहान गोष्टीसाठी भांडायचे कशाला म्हणून गप्प राहिले. आम्ही तेव्हा माल प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून वर कापड शिवत होतो. तो आमचाच दोष होता. त्यानंतर आम्ही पुठ्ठ्याचे कडक खोके आणले, बिबड्यांच्या प्रत्येक थराखाली कागद घातला आणि नंतरच त्या ताईंना दुसरे पत्र लिहिले. वीस टक्के सवलतीने हा प्रश्न कसा सुटला असता? चुरा वीस टक्के स्वस्त मिळाला असता, इतकेच.

आणखी एक उत्तर मी विसरू शकत नाही. नाशिकचे एक गृहस्थ दरवर्षी आपल्या आईसाठी कळण्याच्या भाकरीबरोबर खायला बिबडे मागवत. आई गेल्यावर त्यांनी मागवणे थांबवले. धनत्रयोदशीच्या मेलमध्ये आमच्या मथळ्यात ‘आईच्या आवडीची चव पुन्हा घरी आणा’ असे शब्द होते. त्यांनी रागाने काही लिहिले नाही. फक्त कारण सांगितले आणि नाव काढून टाकण्याची विनंती केली. मी नाव काढले आणि त्यांना हाताने पत्र लिहून टपालाने पाठवले. एकाच मजकुराचा मेल हजारो घरांत जातो तेव्हा तो कोणत्या घरात काय होऊन पडतो हे आपल्याला दिसत नाही, आणि म्हणूनच आधी विचारणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या पत्राला उत्तर न देणाऱ्यांना बारा-पंधरा दिवसांनी दुसरे पत्र गेले. त्यात मागणे काहीच नव्हते, नवी खबर होती: खोके बदलले, यंदा दादर ज्वारी कोणत्या गावची घेतली, पहिला घाट कधी शिजणार. आम्ही घाट शिजवतानाचे एक साधे छायाचित्र त्यासोबत होते. तिसऱ्या पत्रात प्रथमच सवलत दिली आणि तीही फक्त पार्सलच्या खर्चात, कारण दर दिवाळीला भाव पडतो हे कळले की नेहमीचे ग्राहकही दिवाळीपर्यंत थांबायला शिकतात. चौथ्या पत्रात हे शेवटचे पत्र आहे, असे स्पष्ट सांगितले आणि त्यानंतर उत्तर न आलेली सर्व नावे खरोखरच काढून टाकली. चार हजारांची यादी निम्म्याहून लहान झाली तेव्हा घरातल्यांना वाईट वाटले. मला वाटले नाही. उरलेल्या नावांना पाठवलेली पावती आता पोचते.

नाव काढण्याची सोय ठेवणे हा केवळ शिष्टाचार राहिलेला नाही. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. त्या कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत आणि ‘आम्ही लहान आहोत’ या सबबीवर त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही.

आपल्या लेखातील आणखी एका गोष्टीबद्दल मला लिहायचे आहे. ‘सहा महिने खरेदी न केलेला तो जुना ग्राहक’ अशी सरसकट व्याख्या त्यात दिली आहे. आपल्या भागातील धंद्यांना ती लागू पडत नाही. केळीची रोपे विकणाऱ्याचे उदाहरण घ्या. रावेर-यावलमधील ज्या शेतकऱ्याने मृगबागेसाठी जूनमध्ये रोपे नेली, त्याचे पीक हाती यायलाच वर्ष लागते. त्याला कार्तिकात ‘आम्हाला विसरलात का’ असे विचारणे हास्यास्पद ठरेल. तोच कांदेबाग, म्हणजे पावसाळा संपल्यावर लावायची केळी, लावणारा असेल तर त्याच्याशी बोलण्याची वेळ पावसाळा संपतानाची. जळगावच्या सराफाकडे एखादे कुटुंब पाच वर्षांनी, घरात लग्न निघाले की येते, म्हणून मधल्या काळात ते दुरावले असे होत नाही. उलट, फैजपूर-सावद्याचे केळीचे वेफर्स दर महिन्याला मागवणारा ग्राहक तीन महिने गप्प असेल, तर त्याची चौकशी लगेच करायला हवी. आमच्या वाळवणाचे चक्र आखाजीपासून आखाजीपर्यंतचे आहे, त्यामुळे एक आखाजी चुकली की आम्ही लिहितो. ग्राहक दुरावला की नाही हे त्या त्या मालाच्या चक्रावरून ठरते आणि प्रत्येकाने आपली वही उघडून ते ठरवावे.

मेल हल्ली वाचतो कोण, सगळे व्हॉट्सअॅपवरच असतात, असे मला पुष्कळ जणी म्हणतात. आम्ही तेही वापरतो. पण व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी 256 जणच बसतात आणि ज्यांनी आपला क्रमांक फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश जातो. दोन वर्षांत न बोललेल्या ग्राहकाने तो बहुधा कधीच पुसलेला असतो. मेल मात्र पेटीत राहतो. माघ महिन्यात पाठवलेल्या पत्राला वैशाखात, पेटीत ‘बिबडे’ असा शब्द शोधून उत्तर देणारे ग्राहक मी पाहिले आहेत.

या दिवाळीसाठी एवढा वेळ उरला आहे का, अशी शंका कोणी घेईल. चार हजार नावांसाठी नक्कीच उरलेला नाही. पण गेल्या वर्षभरातल्या, नावानिशी आठवणाऱ्या तीस ग्राहकांना आज संध्याकाळी लिहिता येईल, आणि बाकीच्यांची यादी दिवाळीनंतर शांतपणे साफ करून आखाजीच्या हंगामासाठी पौषापासून काम सुरू करता येईल.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. त्याच पानावर या विषयाची दुसरी बाजूही यावी आणि ज्या संस्था लहान उद्योजकांकडून पैसे घेऊन असे मेल पाठवतात, त्यांना काय विचारावे हे वाचकांना कळावे: पहिल्या दिवशी किती मेल पाठवणार, परत आलेल्या पत्त्यांचे काय करणार, नाव काढण्याचा दुवा कुठे असेल, आणि आमच्या पावत्या ज्या पत्त्यावरून जातात त्याची पत बिघडली तर जबाबदारी कोणाची. यांची उत्तरे लेखी मागावीत. मी ती मागितली नव्हती.

माझ्या यादीतील तिसऱ्या गटातले, तीन वर्षांहून जुने सुमारे दोनशे पत्ते अजून शिल्लक आहेत. त्यांना मी मेल करणार नाही. त्यांपैकी ज्यांचे टपालाचे पत्ते आमच्या वहीत आहेत, त्यांना आखाजीच्या आधी साधे पोस्टकार्ड पाठवावे, असे आम्ही साऱ्या जणींनी ठरवले आहे.

कळावे,
आपली नम्र,
वाळवण उद्योग चालवणारी एक वाचक,
ता. अमळनेर, जि. जळगाव